एका घंटीवरचा भयपट: थोडक्या पैशांत शोक आणि अपराधभाव कसा दाखवावा

कमी पैशांत मानसिक भयपट करायला निघालेले बहुतेक जण आधी भूत शोधतात. शोधायची असते ती चूक. ‘वडील गेल्याचे मुलाला वाईट वाटते’ एवढ्यावर पटकथा उभी राहत नाही. त्याने नेमके काय केले नाही, हे वेळेसकट लिहिता आले पाहिजे. समजा, अंथरुणाला खिळलेल्या वडिलांनी पहाटे 3 वाजता उशाशी ठेवलेली पितळी घंटी वाजवली. शेजारच्या खोलीत मुलगा जागा होता, तरी त्याने कूस बदलली, आणि सकाळी पाहतो तो वडील गेलेले. हे त्याने बायकोलाही सांगितलेले नाही.

यापुढची सगळी भीती या घंटीतूनच निघाली पाहिजे. आरशातली बाई आणि आपोआप हलणारा झोपाळा कितीही मोहात पाडोत, त्यांना कात्री लावावी. पहिल्यांदा घंटी वाजते ती बायकोच्या सकाळच्या पूजेत, आणि मुलाचा चहाचा कप ओठांपाशी क्षणभर थांबतो. दुसऱ्यांदा ती खालच्या घंटागाडीची असते. (हल्ली बऱ्याच गाड्या गाणी लावतात, आपल्या गाडीला घंटाच ठेवावी.) मात्र त्या रात्रीचा ठोक्यांचा क्रम मध्यंतरापर्यंत राखून ठेवावा: तीन ठोके, थोडी उसंत आणि एक अर्धवट ठोका. तो एकदा प्रेक्षकाला कळला, की आमटी ढवळून झाल्यावर बायकोने पातेल्याच्या काठावर पळी तीनदा आपटून, थांबून, चौथ्यांदा हलकेच टेकवली, तरी अंगावर काटा येतो. या प्रसंगाला खर्च आमटीचाच.

म्हणून पैसे ध्वनीवर खर्च करावेत. घंटीचा आवाज तयार संग्रहातून न घेता त्याच घरात, मधले दार बंद ठेवून, मुलगा जिथे झोपला होता तिथून ध्वनिमुद्रित करावा. प्रत्येक खोलीतली शांतताही रात्री मिनिटभर टिपून ठेवावी, कारण संकलनात दोन संवादांमधली फट तीच भरून काढते. चित्रीकरणाच्या वेळी फ्रीज बंद करावा लागतो आणि नंतर तो सुरू करायचे हमखास राहून जाते. गाडीची किल्ली फ्रीजमध्येच ठेवली, तर घरी निघताना आठवण होते.

प्रकाशाला घरातले दिवे पुरतात. आपली वीज 50 हर्ट्‌झची असल्यामुळे सेकंदाला 24 चौकटींवर चित्रीकरण करताना कॅमेऱ्याच्या शटरचा वेग 1/50 सेकंद ठेवावा, म्हणजे ट्यूबलाइट लुकलुकत नाही. स्वस्त एलईडी दिवे मात्र आधी कॅमेऱ्यातून तपासून घ्यावेत.

दशक्रियेचा प्रसंग अशा कथेला जणू आयता मिळालेला आहे. पिंडाला कावळा शिवत नाही. एकेक नातेवाईक पुढे होऊन गेलेल्याला वचन देतो, ‘घराकडे बघतो, काळजी करू नका’. आणि काय राहिले आहे हे एकट्या मुलाला ठाऊक असते. इथे कावळा दाखवू नये. प्राणी-पक्ष्यांच्या चित्रीकरणाला भारतीय प्राणी कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी लागते, शिवाय कावळा दिग्दर्शकाचे ऐकत नाही. कॅमेरा मुलाच्या चेहऱ्यावर ठेवावा, काव काव बाहेरून ऐकू यावी, आणि शेवटी गुरुजींचे हात दर्भाचा कावळा करताना दिसावेत. वचन द्यायला मुलगा तोंड उघडतो आणि मिटतो, हा क्षण संवादाशिवाय जमणारा नट मिळेपर्यंत चित्रीकरणाची तारीख ठरवू नये.

शेवटाकडे येताना शांती घालून भूत घालवून देण्याची घाई करू नये. जेनिफर केंट यांच्या 2014 सालच्या ‘द बाबाडूक’ या ऑस्ट्रेलियन चित्रपटात पतीच्या मृत्यूचे दुःख घेऊन जगणारी आई बाबाडूक नावाच्या राक्षसाला मारत नाही. पतीचे सामान ठेवलेल्या तळघरात त्याला कोंडून खाऊ घालते. त्या चित्रपटाच्या नेपथ्यासाठी सुमारे 30,000 डॉलर लोकवर्गणीतून उभे राहिले होते. आपल्याकडे तळघर नाही, पण स्वयंपाकघर आहे. तिथे मुलाने बायकोपुढे कबुली द्यावी. तिने लसूण सोलणे न थांबवता म्हणावे, ‘माहीत आहे. मीही जागीच होते.’ त्या रात्री 3 वाजता अंधारात दोघांचे डोळे उघडे आहेत. तीन ठोके पडतात, मग उसंत. चौथ्या ठोक्याच्या आधी पडदा काळा करावा.