घर विकायला काढताय? मग आधी रंगाऱ्याला फोन करू नका

पुण्यात कोथरूड-कर्वेनगर भागात जुन्या फ्लॅटच्या रीसेलची कामं करते मी, बरीच वर्षं झाली. घर विकायचं ठरलं की माणूस पहिला फोन रंगाऱ्याला करतो आणि दुसरा मला, तोपर्यंत पैसे खर्च होऊन गेलेले असतात. मग मी जाऊन बघते आणि डोक्याला हात लावते. चुका त्याच त्या, फक्त फ्लॅट नंबर वेगळा.

ओलीवर रंग मारणे

आता तर भिंतीवर ताजा पांढरा रंग दिसला की माझ्याच मनात पाल चुकचुकते. दोन वर्षांपूर्वी एक काका होते, टू बीएचके, दुसरा मजला, ऐंशीच्या दशकातली सोसायटी. बेडरूमच्या एका भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत पोपडे, कारण पलीकडे बाथरूम. मी म्हटलं काका, आधी बाथरूमचं बघू. तर म्हणाले, "अहो मॅडम, घेणारा काय भिंती चाटून बघणारे का?" आणि ऐन श्रावणात, बाहेर पाऊस धो धो चालू असताना पोपडे खरवडून पुट्टी भरली, वर दोन हात मारून घेतले, सगळ्या घराचे मिळून ४८ हजार घालवले. आणि वर त्या भिंतीला कपाट टेकवून ठेवलं.

पार्टी आली, नवरा-बायको आणि नवऱ्याची आई. जोडपं बाल्कनीत उभं राहून मेट्रो किती लांब वगैरे विचारतंय आणि आजी इकडे कपाटामागे हात घालून भिंतीला तळवा लावून बघतायत. हात बाहेर काढला तर तळव्याला पांढरी ओली पुट्टी. काही बोलल्या नाहीत, रुमालाला हात पुसला आणि सुनेकडे एकदा बघितलं. झालं! त्यानंतर ओटा, खिडक्या, पार्किंग, सगळंच त्यांना संशयास्पद वाटायला लागलं. तीन लाख कमी करून मागितला, काका चिडले, पार्टी गेली, आणि दिवाळीनंतर घर त्याहूनही कमीत गेलं. ओल उघडी दिसली असती तर त्यांनी दुरुस्तीचा खर्च कापून घासाघीस केली असती, एवढंच.

तर आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. बाराही महिने ओल असेल तर बाथरूम नाहीतर पाइप, फक्त पावसाळ्यात येत असेल तर बाहेरची भिंत किंवा गच्ची. कळत नसेल तर प्लास्टिकचा फूटभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर गच्च चिकटवा आणि दोन दिवस तसाच ठेवा, प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला पाणी धरलं तर ओल आतून येतेय. बाथरूमचं असेल तर बहुतेक वेळा टाइल्सचे सांधे गेलेले असतात किंवा नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे जाळीखालच्या पाणी जायच्या भांड्याच्या कडेला भेग असते, जुना माल खरवडून इपॉक्सी ग्राउट, म्हणजे सांधे भरायचा पाणी न शोषणारा मसाला भरून घ्यायचा, त्याला रंगाच्या मानानं काहीच पैसे लागत नाहीत. मग भिंत सुकू द्यायची. सुकू द्यायची म्हणजे काही आठवडे, रंगारी "उद्या पुट्टी मारू" म्हणेल, त्याला पुढच्या साइटवर जायचं असतं, तुम्हाला नाही. गच्चीतून किंवा बाहेरच्या कॉमन पाइपमधून गळत असेल तर तो खर्च मॉडेल बायलॉजप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या आदर्श नियमावलीप्रमाणे सोसायटीचा असतो, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, सेक्रेटरीला जिन्यात गाठून सांगितलं तर तो अर्ज होत नाही.

आणि एवढा वेळच नसेल तर? त्या भिंतीला हात लावू नका. मी सरळ पार्टीला भिंत दाखवते, ग्राउटिंगचं बिल दाखवते आणि सुकतेय म्हणून सांगते. आजपर्यंत त्यावरून कुणी उठून गेलेलं नाही.

बंद घर तसंच उघडून दाखवणे

हा आमच्या भागातला खास प्रकार. आई-वडील गेले, मुलं अमेरिकेत, घर आठ-दहा महिने बंद, किल्ली शेजारच्या काकूंकडे. व्हॉट्सॲपवर सूचना येतात की "पार्टी यायच्या आधी जरा फ्रेशनर मारा." असंच एक घर मी स्वतः अनुभव नसताना फ्रेशनर आणि चार उदबत्त्या लावून दाखवलं होतं. गटारावर मोगरा! त्या बाईंनी पदर नाकाला लावला आणि दारातूनच विचारलं, "ड्रेनेज चोकअप आहे का हो?" मी नाही नाही म्हणत राहिले पण माझा तरी विश्वास कुठे होता.

नंतर आमच्या प्लंबरनं एक बादली पाणी घेतलं, बाथरूमच्या जाळीत ओतलं, पैसे मागितले नाहीत आणि मला मूर्खात काढून गेला. नहाणी ट्रॅपमध्ये कायम थोडं पाणी साठलेलं असतं, तेच ड्रेनेजचा वास अडवतं, घर बंद राहिलं की ते वाळतं आणि मग वास आणि झुरळं थेट घरात. तेव्हापासून बंद घर असलं की पार्टीच्या दोन दिवस आधी जाऊन बाथरूम, बेसिन, सिंक, ड्राय बाल्कनी, जिथे जिथे जाळी आहे तिथे पाणी ओतते, फ्लश करते, सगळ्या खिडक्या उघडून पंखे लावून तासभर बसते. मधे बरेच दिवस कुणी जाणार नसेल तर वर दोन चमचे तेल, म्हणजे पाणी लवकर वाळत नाही. फ्रेशनर आणू नका, फारच हौस असेल तर कापूर.

ॲसिड

बाथरूम पिवळं दिसतं म्हणून ॲसिडची बाटली आणणाऱ्यांनो, शहाबादी, कोटा, संगमरवर आणि जुनी मोझेक या सगळ्यांना ॲसिड खातं, डाग जातो आणि फरशीची चकाकी पण जाते. सांध्यातलं सिमेंटही जातं, आणि मग वरच्या ओलीच्या गोष्टीकडे परत जा. ॲसिड आणि ब्लीच एकत्र तर चुकूनही नाही, क्लोरीन गॅस होतो. बोअरच्या पाण्याचे नळावरचे पांढरे थर व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं तासभर गुंडाळून ठेवलं की सुटतात. ओट्यामागच्या तेलकट टाइल्सना धुण्याचा सोडा आणि गरम पाणी. मोझेक अगदीच मेली असेल तर मशीन पॉलिश करून घ्या, जुन्या घरात सगळ्यात जास्त फरक त्यानंच पडतो असं माझं मत आहे.

बाकीचं पटापट. विकायच्या आधी मॉड्युलर किचन करू नका, घेणारी तोडणारच आहे. बेडरूमला जांभळा रंग नको. ठिबकणाऱ्या नळाचा वॉशर बदला, काही रुपयांचं काम आहे आणि पार्टी नळ उघडतेच. करकरणाऱ्या बिजागऱ्यांना तेल. मिणमिणते बल्ब काढून नवीन एलईडी, जिन्यातला पण. ग्रिलमधले वाळत घातलेले कपडे आणि मेलेल्या तुळशीच्या कुंड्या, दोन्ही हलवा. पितृपक्षात घर बघायला फारसं कुणी येत नाही, तेव्हा माळा उतरवा, रद्दी आणि भंगार काढा, दसऱ्याला टोकन द्यायला लोक तयार असतात.

आणि एक काम ज्याला जवळजवळ काहीच खर्च नाही म्हणून कुणीच करत नाही, ते म्हणजे फाइल. इंडेक्स टू (व्यवहाराच्या नोंदणीचा सरकारी उतारा), मूळ करारनामा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, टॅक्सची पावती, मेंटेनन्सचं शेवटचं बिल. शेअर सर्टिफिकेट अजून वडिलांच्या नावावर असेल आणि "नॉमिनी मीच आहे ना" असं म्हणत असाल तर थांबा, नॉमिनी म्हणजे मालक नाही, सगळ्या वारसांचा प्रश्न येतो. टोकन घेऊन झाल्यावर सह्या गोळा करत फिरणारी माणसं मी बघितलीयेत, एक बहीण नागपूरला, दुसरी दुबईत, आणि पार्टीचं लोन मंजूर होऊन पडलेलं.