नैरोबीत राहताय? मग शहर असं हिंडा

नोकरीनिमित्त नैरोबीत आलेला आपला माणूस बहुधा पार्कलँड्स-वेस्टलँड्सच्या पट्ट्यातच रमतो. किराणा, देऊळ, मॉल, सगळं हाताशी. मसाई मारा पाहून होतं, शहर मात्र राहून जातं. तर सुरुवात शहरापासूनच करा.

१. शनिवारी सकाळी मध्यवस्तीत पायी फिरा. आधी मोई अ‍ॅव्हेन्यूवरचं राष्ट्रीय अभिलेखागार गाठा. एकेकाळच्या या बँकेच्या इमारतीत तळमजल्यावर जोसेफ मुरुंबी यांचा कलासंग्रह आहे. मुरुंबी १९६६ साली केनियाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले. आई मसाई, वडील गोव्याचे! तिथून रेल्वे म्युझियम फार लांब नाही. १८९९ मध्ये हे गाव वसलं ते रेल्वेचं ठाणं म्हणून, आणि तो मार्ग टाकायला हजारो मजूर हिंदुस्थानातून आले होते. १९०० साली किमा स्टेशनात सिंहाने एका पोलीस अधिकाऱ्याला ज्या डब्यातून ओढून नेलं, तो डबाही इथे आहे. मुलं तिथून हलत नाहीत. शेवटी २८ मजली केआयसीसीच्या, म्हणजे केन्याटा आंतरराष्ट्रीय परिषद केंद्राच्या, गच्चीवर जा, म्हणजे दिशा डोक्यात बसतील.

२. मटाटूने, म्हणजे इथल्या खासगी मिनीबसने, जायला शिका. गाडी भरल्याशिवाय सुटत नाही. पाऊस आला किंवा ऑफिसची वेळ झाली की भाडं वाढतं, म्हणून बसण्याआधीच विचारा. पैसे एम-पेसाने, म्हणजे मोबाइलवरून, देता येतात. खिडकीशी बसलात तर फोन खिशातच ठेवा. अंधार पडल्यावर मात्र सरळ टॅक्सी करा, उगाच धाडस नको.

३. करूराचं जंगल. शहराच्या पोटात सुमारे हजार हेक्टर झाडी, धबधबा, गुहा, भाड्याच्या सायकली. बिल्डरांच्या घशातून ते वाचवायला पर्यावरण कार्यकर्त्या वांगारी माथाई १९९९ मध्ये मार खाऊन लढल्या. २००४ साली त्यांना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. माझ्या मते नैरोबीतली सगळ्यात चांगली सकाळ इथेच मिळते.

४. परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र कायम जवळ ठेवा. सरकारी उद्यानांत रहिवाशांना पर्यटकांपेक्षा बराच कमी दर पडतो. नॅशनल पार्क तर शहराला लागूनच आहे. तिथे फाटक उघडताच आत शिरा, उन्हं चढली की सिंह झुडपांत दडतात.

५. मग शहराबाहेर पडा. १११ नंबरच्या मटाटूने न्गाँग गाव गाठा आणि टेकड्यांच्या धारेवरून चाला. वारा बोचरा असतो, स्वेटर हवाच. एकटे जाऊ नका, फाटकावर रेंजर सोबत मागा. पुढच्या खेपेला माई माहियूच्या जुन्या घाटाने नैवाशा सरोवराकडे. वाटेत इटालियन युद्धकैद्यांनी १९४२ मध्ये बांधलेलं चिमुकलं चर्च लागतं. पुढे हेल्स गेट राष्ट्रीय उद्यानात झेब्रे-जिराफांमधून चक्क सायकल चालवता येते. मार्च ते मेच्या पावसात तिथल्या अरुंद घळीत उतरू नका, पाण्याचा लोंढा अचानक येतो. परतताना घाटात ट्रकांची रांग असते, म्हणून दुपारी तीनलाच निघा.