पगाराची नोकरी सोडून कमिशनच्या विक्रीत उतरण्यापूर्वी

ठरलेल्या तारखेला पगार जमा होणारी नोकरी सोडून कमिशनवर विक्री करण्याचा विचार बोलून दाखवला की बहुतेक सल्ले धाडसाविषयी मिळतात. कोणी हिंमत करायला सांगतो, तर कोणी हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस असे बजावतो. दोन्ही सल्ले कळकळीने दिलेले असतात, पण निर्णयासाठी त्यांचा उपयोग थोडाच होतो. या बदलात माणसे बहुधा हिंमत कमी पडल्यामुळे फसत नाहीत. विक्री होणे आणि तिचे पैसे हातात पडणे यांमधले अंतर त्यांनी आधी मोजलेले नसते, म्हणून फसतात. चांगला विक्रेता काही महिन्यांत हार मानून पगाराच्या नोकरीकडे परततो, तेव्हा अनेकदा त्याच्या नावावर विक्री झालेली असते. फक्त तिचे कमिशन अजून आलेले नसते. हे अंतर राजीनामा देण्यापूर्वी बऱ्यापैकी अचूक मोजता येते आणि सुरुवात तिथूनच करावी.

पैसे हातात कधी येणार

ज्या कंपनीत जायचे आहे, तिच्या एका सर्वसाधारण विक्रीचा पहिल्या भेटीपासून कमिशन जमा होईपर्यंतचा प्रवास महिन्यांनुसार कागदावर मांडा. समजा, पहिला महिना माल, दर आणि कागदपत्रे समजून घेण्यात गेला आणि दुसऱ्या महिन्याच्या सुरुवातीला एका ग्राहकाची पहिली भेट झाली. त्या व्यवसायात ग्राहक निर्णयाला सरासरी तीन महिने घेत असतील, तर ऑर्डर पाचव्या महिन्याच्या सुरुवातीला हाती येईल. माल पोचून बिल निघेपर्यंत सहावा महिना उजाडेल. ग्राहकाला 45 दिवसांची उधारी असेल, तर वसुली सातव्या महिन्याच्या मध्यावर होईल, आणि कंपनी एका महिन्यातील वसुलीवरचे कमिशन पुढच्या महिनाअखेरीस देत असेल, तर तुमचे पहिले कमिशन आठव्या महिन्याच्या शेवटी हातात पडेल. हीच कंपनी जर वसुलीऐवजी ऑर्डर नोंदवल्यावर कमिशन देत असती, तर तेच पैसे सहाव्या महिन्याच्या अखेरीस मिळाले असते. कमिशन ऑर्डरवर, बिलावर की वसुलीवर देय होते, एवढ्या एका गोष्टीमुळे दोन महिन्यांच्या घरखर्चाचा फरक पडतो, तरी मुलाखतीत टक्केवारीची चौकशी सगळे करतात आणि हा प्रश्न फार थोडे जण विचारतात.

हे महिने मोजून झाले की घराचा टाळता न येणारा मासिक खर्च काढा आणि तितक्या महिन्यांच्या खर्चातून त्या काळात मिळणारी निश्चित रक्कम वजा करा. उरलेल्या आकड्याच्या दीडपट बचत जवळ असावी, असे माझे मत आहे, कारण पहिला ग्राहक ठरल्या वेळी निर्णय घेईल किंवा पैसे देईल याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. मासिक खर्च काढताना आजवर मालक भरत असलेल्या गोष्टीही त्यात धराव्या लागतात. आरोग्य विमा, निवृत्तीसाठीची वर्गणी आणि भरपगारी रजा हे सगळे नव्या कामात मिळणार आहे का, आणि फिरतीचा व फोनचा खर्च कोणाच्या खिशातून जाणार आहे, हे स्पष्ट विचारा. कमिशनमधून कर कापून मिळेल की तो तुम्हाला स्वतः भरावा लागेल, हे तुमची नेमणूक कर्मचारी म्हणून आहे की स्वतंत्र प्रतिनिधी म्हणून, यावर बहुतांशी ठरते. स्वतः भरायचा असल्यास प्रत्येक कमिशनमधला कराचा वाटा जमा झाल्याच्या दिवशीच बाजूला काढावा. बदलत्या उत्पन्नाचा काही काळाचा लेखी पुरावा मिळाल्याशिवाय कर्ज देणाऱ्या संस्था सहसा राजी होत नाहीत. म्हणून जुन्या कर्जाच्या हप्त्यांची फेरमांडणी करायची असेल तर ती नोकरीत असतानाच उरकून घ्या, मात्र नवे कर्ज डोक्यावर घेऊन निघू नका.

सरासरीवर विसंबू नका

कंपनी तुम्हाला सरासरी सांगेल आणि ती खरीही असेल, पण सरासरीने महिना भागत नाही. समजा, तुम्ही दर महिन्याला दहा प्रस्ताव देता आणि दहापैकी एक स्वीकारला जातो, म्हणजे सरासरीने महिन्याला एक विक्री होते. एक प्रस्ताव नाकारला जाण्याची शक्यता 90 टक्के आहे, आणि दहाही नाकारले जाण्याची शक्यता 0.9 ला दहा वेळा गुणून मिळते. ती जवळपास 35 टक्के भरते. याचा अर्थ असा की कामात काहीही कसूर न करता, सगळे सरासरीप्रमाणे चालू असतानाही, वर्षातले चारेक महिने पूर्ण कोरडे जाऊ शकतात. कोणतेही सलग दोन महिने कोरडे जाण्याची शक्यताही सुमारे 12 टक्के राहते. हे आधी ठाऊक नसलेला माणूस अशा महिन्यात स्वतःलाच दोष देऊ लागतो आणि मग घाबरून ग्राहकाच्या मागे नको इतका लागतो किंवा भरमसाट सूट देतो, ज्यामुळे पुढचा महिनाही बिघडतो.

आता यशाचे प्रमाण तेच ठेवून महिन्याला शंभर लहान प्रस्ताव धरले, तर एकही विक्री न होण्याची शक्यता नगण्य होते. ज्याच्याकडे शिल्लक बेताची आहे, त्याने पहिल्या वर्षी कमिशन कमी पण विक्री वारंवार होणारे क्षेत्र निवडावे, असे मी आग्रहाने सांगेन. वर्षाला दोनच मोठे सौदे होणाऱ्या यंत्रसामग्रीच्या किंवा मालमत्तेच्या विक्रीत उत्पन्न कितीही मोठे दिसले, तरी तिथे टिकण्यासाठी लागणारी शिल्लकही तितकीच मोठी असते. विम्यासारख्या किंवा वार्षिक वर्गणीच्या व्यवसायात ग्राहकाने नूतनीकरण केले की पुन्हा कमिशन मिळण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी असते आणि दोन-तीन वर्षांत ते उत्पन्न बरेच स्थिरावते. त्याचा दर पहिल्या विक्रीहून सहसा कमी असतो, तरी तो नोंदवून ठेवावा.

करारपत्र ओळ न् ओळ वाचा

कमिशन नेमके कशावर मोजले जाते, ते सर्वांत आधी शोधा. एक कंपनी विक्रीच्या किमतीवर 10 टक्के देते आणि दुसरी ढोबळ नफ्यावर, म्हणजे किमतीतून वस्तूचा खर्च वजा जाता उरणाऱ्या रकमेवर, 30 टक्के देते. ऐकताना दुसरीच उदार वाटते. वस्तूची किंमत 100 आणि तिच्यावरचा नफा 25 धरला, तर पहिलीकडून 10 मिळतात आणि दुसरीकडून साडेसात. ग्राहकाला 10 ची सूट द्यावी लागली, तर किंमत 90 होते आणि नफा 15 उरतो. पहिलीकडचे कमिशन 9 होते आणि दुसरीकडचे थेट साडेचारवर येते. म्हणजे तीच सूट एका ठिकाणी तुमच्या मिळकतीचा दहावा भाग नेते आणि दुसऱ्या ठिकाणी चाळीस टक्के. सूट देण्याचा अधिकार कोणाचा आहे आणि वरिष्ठाने परस्पर सूट दिली तर तिचा भार कोणी सोसायचा, हे म्हणूनच लेखी हवे.

सुरुवातीच्या महिन्यांत कंपनी दरमहा काही रक्कम देऊ करत असेल, तर ती पगार आहे की उचल, हे विचारा. उचल पुढच्या कमिशनमधून वळती होते. ती सहा महिने घेतलेली असेल, तर सातव्या महिन्यातले चांगले कमिशनही परतफेडीत जाते, आणि मध्येच काम सोडल्यास काही करारांनुसार उरलेली रक्कम परत करावी लागते. न फिटलेली उचल माफ होणार असेल, तर तसे वाक्य करारात असले पाहिजे. तोंडी आश्वासनावर विसंबू नका. ग्राहकाने ऑर्डर रद्द केली किंवा पैसे बुडवले, तर दिलेले कमिशन कंपनी किती काळापर्यंत परत घेऊ शकते, हेही तिथेच पाहा.

कमिशनला वरची मर्यादा आहे का, हा प्रश्न नवख्याला अनाठायी वाटतो, कारण त्याला पहिल्या विक्रीचीच चिंता असते. अमेरिकी उद्योगपती रॉस पेरो सुरुवातीला आयबीएम या संगणक कंपनीत विक्रेते होते आणि एका वर्षी त्यांनी सबंध वर्षाचे उद्दिष्ट जानेवारी सरण्याआधीच गाठले, असे ते सांगत. पुढे आणखी विकून पदरात विशेष काही पडणार नव्हते. 1962 साली त्यांनी ती नोकरी सोडून स्वतःची कंपनी काढली. इतके यश क्वचितच कोणाला मिळते, पण स्थिर पगार सोडण्याची जोखीम तुम्ही घेता ती चांगल्या वर्षाच्या आशेवर, आणि मर्यादेचे कलम नेमके ते चांगले वर्षच छाटून टाकते. खालची जोखीम पूर्ण तुमची आणि वरचा लाभ मात्र मर्यादित, अशा करारावर सही करू नये.

कमिशनची योजना वर्षाच्या मध्यात एकतर्फी बदलण्याचा हक्क कंपनीने राखून ठेवला आहे का, तुमच्या क्षेत्रातले मोठे जुने ग्राहक कंपनीने स्वतःकडे ठेवले आहेत का, आणि तुम्ही काम सोडल्यानंतर मिळालेल्या पण तुम्ही पिकवलेल्या ऑर्डरचे कमिशन कोणाला जाते, ही तीन कलमेही तपासा. करारातील एखादी गोष्ट समजली नाही, तर वकिलाला एकदा दाखवण्याचा खर्च वसूल होतो.

कंपनीतल्या माणसांना काय विचारावे

भरतीच्या वेळी सर्वांत वरच्या विक्रेत्याची कमाई सांगितली जाते. तुम्ही मधल्या विक्रेत्याची विचारा, आणि गेल्या वर्षी रुजू झालेल्यांपैकी आज किती जण उरले आहेत तेही विचारा. ही जागा का रिकामी झाली आणि आधीच्या माणसाचे ग्राहक कोणाकडे गेले, याचे उत्तर विशेष लक्षपूर्वक ऐका. शक्य असेल तर नाव झाकलेले एक जुने कमिशनचे विवरण पाहायला मागा. त्यावर विक्रीची, वसुलीची आणि प्रत्यक्ष कमिशन दिल्याची तारीख असते आणि तुमचा अंदाज लगेच पडताळून पाहता येतो. काही कंपन्या गोपनीयतेमुळे नकार देतील आणि तो नकार रास्तही असू शकतो, पण मग आजी आणि माजी अशा दोघा-तिघा विक्रेत्यांशी खासगीत बोलल्याशिवाय पुढे जाऊ नका. जिथे रुजू होण्यासाठी तुमच्याकडूनच पैसे मागितले जातात, किंवा माल विकण्यापेक्षा नवी माणसे जोडण्यावर कमाई अवलंबून असते, तिथून सरळ निघून यावे.

राजीनाम्याच्या आधी आणि नंतर

आजच्या कंपनीतच विक्री विभागात बदली मिळत असेल, तर कमी कमाईतही तो मार्ग आधी पाहावा, कारण तिथे माल आणि माणसे ओळखीची असतात. नव्या कंपनीशी बोलताना टक्केवारी वाढवून मागण्यापेक्षा पहिल्या सहा महिन्यांसाठी निश्चित रक्कम मागणे अधिक फायद्याचे ठरते. तुमच्या अडचणीचा काळ तोच असतो. करारपत्र सहीनिशी हाती येईपर्यंत राजीनामा देऊ नका. आधीच्या मालकाची ग्राहकांची यादी सोबत नेऊ नका, आणि प्रतिस्पर्ध्याकडे जाण्यावर जुन्या करारात काही बंधन आहे का ते पाहून ठेवा.

नवे काम सुरू झाल्यावर कमिशनसाठी वेगळे बँक खाते ठेवून त्यातून दर महिन्याच्या ठरल्या तारखेला एकच ठरलेली रक्कम घरखर्चाच्या खात्यात वळवा. चांगल्या महिन्यात ती रक्कम वाढवू नका. किमान एक वर्ष ही शिस्त पाळली, तर कोरड्या महिन्यांची झळ घरापर्यंत सहसा पोचत नाही.

माघार कधी घ्यायची, हेही घरच्यांबरोबर बसून रुजू होण्यापूर्वीच लिहून ठेवावे. ती अट हाती आलेल्या पैशांवर ठरवू नका, कारण वरच्या उदाहरणात सहाव्या महिन्यापर्यंत उत्तम विक्रेत्याचीही मिळकत शून्य असते. त्याऐवजी चालू प्रस्ताव मोजा. महिन्याला एक विक्री हवी आहे, दहात एक प्रस्ताव यशस्वी होतो आणि निर्णयाला तीन महिने लागतात, तर कोणत्याही वेळी तुमच्या हाती निदान तीस जिवंत प्रस्ताव असले पाहिजेत. सहाव्या महिन्याच्या शेवटी ते तीसच्या आसपास असतील, तर बचत पुरेपर्यंत थांबण्यात अर्थ आहे. दहाच्याही आत असतील, तर भेटी कमी पडत आहेत की माल खपण्याजोगा नाही, हे वरिष्ठाबरोबर बसून त्याच आठवड्यात तपासा, आणि माल खपत नसल्याचे दिसले तर शिल्लक संपण्याची वाट न पाहता पगाराच्या नोकरीसाठी अर्ज करायला लागा.