कन्सोल घेण्याआधी डिस्कची खाच बघा

गेम खेळायचा कन्सोल घेताना किमतीच्या आधी डिस्क ड्राइव्ह, म्हणजे गेमची डिस्क घालायची खाच, आहे का ते बघा. एक्सबॉक्स सिरीज एसला तो नाही, नंतर जोडताही येत नाही. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या मित्राकडची जुनी डिस्क फुकट मिळाली तरी उपयोग शून्य. प्लेस्टेशन ५ स्लिमच्या डिजिटल मॉडेलला ड्राइव्ह वेगळा बसवता येतो, फक्त पहिल्या जोडणीला इंटरनेट लागतं. मग साठवण: ५१२ जीबीच्या सिरीज एसमध्ये गेमसाठी साधारण ३६४ जीबीच उरतात आणि काही गेम एकटेच १०० जीबी खातात. म्हणजे तीन-चार गेम झाले की पुसापुशी सुरू. निन्टेन्डो स्विच इथं बहुधा आयात केलेला असतो. वॉरंटी कोण देणार ते बिलावर लिहून घ्या. आणि हो, कोल्हापुरी पावसाळ्यात अपडेट चालू असताना वीज गेली तर डेटा बिघडू शकतो, तेव्हा बजेटमध्ये छोटा यूपीएस धराच.