बारावीची इम्प्रूव्हमेंट देताय? या चुका टाळा

इम्प्रूव्हमेंट म्हणजे पास झालेल्या पोरानं मार्क वाढवायला बारावी परत देणं. निकाल लागला की आमच्या सांगलीत विश्रामबागला क्लासच्या गल्लीत एकच प्रश्न सुरू होतो, "सर, पोराला इम्प्रूव्हमेंटला बसवू का?" कशासाठी बसवायचंय विचारलं की निम्मे पालक एकमेकांकडं बघतात. पहिली चूक हीच.

इंजिनिअरिंगचंच घ्या. कॅपमध्ये, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, मेरिट लागतं सीईटीच्या पर्सेंटाइलवर, बारावीचे मार्क फक्त पात्रतेपुरते, पीसीएम ग्रुपला (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ४५ टक्के म्हणजे ३०० पैकी १३५, राखीव प्रवर्गाला ४० टक्के. तासगावकडचा एक पोरगा होता, बारावीला ७१ टक्के, म्हणजे पात्रतेचा विषयच संपलेला, पण सीईटी साधारण गेली होती. कुणी पाहुण्यानं डोक्यात भरवलं की बारावी सुधारली की भारी कॉलेज मिळतंय. मी दोनदा सांगितलं, ऐकलं नाही. वर्षभर थिअरीची उत्तरं घोकली, सीईटीच्या एमसीक्यूला हात लावला नाही, मार्क झाले ८४, गल्लीत पेढे वाटले आणि पर्सेंटाइल मात्र आधीपेक्षा खाली आला. आदल्या वर्षी जे कॉलेज नको म्हणून सोडलं होतं तेही मिळालं नाही. वडील मलाच विचारतात, "८४ पडूनपण असं कसं ओ सर?"

मग इम्प्रूव्हमेंट खरंच कुणाला लागते? मेडिकलच्या नीटला मार्क चांगले आहेत पण ओपनमधून पीसीबीला (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) ३०० पैकी १५० भरत नाहीत, त्याला. जेईई मेनचा रँक आहे पण एनआयटीसाठी, म्हणजे केंद्राच्या इंजिनिअरिंग कॉलेजांसाठी, बारावीचे ७५ टक्के नाहीत आणि बोर्डाच्या टॉप २० पर्सेंटाइलमध्येही नाव नाही, त्याला. आयआयटीचं गणित वेगळं. जेईई अॅडव्हान्स्डला बारावीला पहिल्यांदा बसलेलं वर्ष बघतात, लागोपाठच्या दोन वर्षांत दोनच अटेम्प्ट, इम्प्रूव्हमेंट देऊन ते घड्याळ मागं फिरत नाही.

दोन-चार मार्कांनी अडलंय तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. पेपर डोळ्यांनी बघा, मग पुनर्मूल्यांकन. छायाप्रत घेतल्याशिवाय पुनर्मूल्यांकनाला अर्जच करता येत नाही, आणि मुदत हातात आल्यापासून कामकाजाचे पाच दिवस. हे सोडून लोक थेट एक वर्ष घालवायला निघतात, मला कळत नाही.

फॉर्मचा घोळ तर दरवर्षीचा. जतचे एक गृहस्थ पहाटेच्या एसटीनं मुलाला घेऊन थेट कोल्हापूरला बोर्डात गेले, सांगली-सातारा कोल्हापूर विभागातच येतात ना, म्हणून. तिथं कळलं की फॉर्म आपल्याच ज्युनिअर कॉलेजमधून ऑनलाइन भरायचा. परत आले तोवर साधी मुदत गेलेली, लेट फी बसली. मी तर पोरांना दिवाळीच्या आधीच कॉलेजच्या क्लार्ककडं पाठवतो आणि फॉर्मची प्रिंट स्वतः बघतो, विषय आणि माध्यम बोट ठेवून वाचायला लावतो. क्लार्कशी नीट बोला, अर्धी कामं तिथंच होतात.

संधीही मोजक्या असतात. २०२५ ला पास झालेल्यांना जून-जुलै २०२५, फेब्रुवारी-मार्च २०२६ आणि जून-जुलै २०२६ अशा तीन मिळाल्या. लगेच जुलैलाच उरकून टाकू म्हणणारे उतावळे खूप, पण मार्चमध्ये जे आलं नाही ते एवढ्या थोड्या दिवसांत कुठून येणार? शिवाय तो निकाल येईपर्यंत प्रवेशाच्या फेऱ्या पुढं सरकलेल्या असतात. अगदी थोडक्यात अडलेल्यानंच तो नाद करावा.

क्लाससाठी लातूरला पाठवलं म्हणजे मार्क वाढतात असं नाही, घरी न बसणारं पोरगं तिथंही बसत नाही.

गेस पेपरवर विसंबू नका.

गेल्या वर्षीचा सीईटी किंवा नीटचा स्कोअर यंदा चालत नाही, परीक्षा परत द्यायची, फॉर्म परत भरायचा. आणि नॉन-क्रिमीलेअर दाखला असेल तर त्याची तारीख बघा, ते ३१ मार्चला संपतं. गेल्या वर्षीचं फाइलला लावून निवांत बसलेले लोक मग जूनमध्ये सेतू केंद्राच्या रांगेत दिसतात.