गोठ्यानं घालवलेलं सरपंचपद, आणि ग्रामपंचायत ते आमदारकी या वाटेबद्दल थोडं

गेल्या वर्षभरात तीन-चार पोरांनी मला एकच गोष्ट विचारली, की ग्रामपंचायतीपासून सुरू करून खरंच आमदार होता येतं का ते नुसतं भाषणात सांगायचं असतं. होता येतं. विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच होते, मग पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि १९८० ला आमदार. आर. आर. आबा १९७९ ते १९९० सांगली जिल्हा परिषदेत होते, तिथून तासगावचे आमदार. शहरातलं बघायचं तर फडणवीस १९९२ ला नागपूरला नगरसेवक, १९९७ ला २७ व्या वर्षी महापौर, १९९९ ला विधानसभेत. एकनाथ शिंदे १९९७ ला ठाण्यात नगरसेवक, २००४ ला आमदार. आता यातली मधली वर्षं मोजा. ज्यांचं पटकन झालं असं आपण म्हणतो त्यांनाही सहा-सात वर्षं लागलीत, आबांना अकरा. तुम्ही पहिल्या टर्मच्या दुसऱ्या वर्षीच गाडीच्या काचेवर "भावी आमदार" चिकटवणार असाल तर पुढचं वाचू नका, वेळ वाया जाईल.

माझं आधी सांगतो म्हणजे मी कोण सांगणारा असं नको. ऑक्टोबर २०१७ ला सरपंच झालो, थेट जनतेतून निवड तेव्हा नवीनच सुरू झाली होती. दीड वर्षाच्या आत खाली उतरलो. हरून नाही, अपात्र ठरून. नंतर २०१९ ते २०२४ एका आमदारांकडे अधिवेशनाचं काम बघितलं, ते पंचायत समितीच्या गणातून, म्हणजे तिथल्या मतदारसंघातून, वर आलेले, आम्ही त्यांना दादा म्हणतो. म्हणजे मी खालचं स्वतः भोगलंय आणि वरचं शेजारी बसून बघितलंय.

ग्रामपंचायतीला वय २१ लागतं आणि आमदारकीला २५, राखीव जागेला जातवैधता, १२ सप्टेंबर २००१ नंतरचं तिसरं अपत्य चालत नाही, निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशोब द्यायचा मग तुम्ही पडलेले असा नाहीतर बिनविरोध आलेले असा, हे सगळं तुम्हाला माहिती असेलच. यातलं हिशोबाचं मात्र लोक फार हलक्यात घेतात. पडलेला माणूस तर तिकडं फिरकतच नाही आणि मग पाच वर्षांसाठी अपात्र झाल्याचं पत्र येतं. बास, एवढंच. आता माझ्या गोठ्याकडे येतो.

आमचं घर गावठाणाच्या कडेला. घरामागं आजोबांच्या काळातला गोठा, दगडी गव्हाण, वर पत्रे. गोठ्याच्या मागची भिंत कुठं संपते आणि गायरान कुठं सुरू होतं हे गावात कुणालाच माहिती नव्हतं, कारण कुणी कधी विचारलंच नव्हतं. मी तर तिथंच लहानाचा मोठा झालो. निवडून आल्यावर दोन-तीन महिन्यांत माझ्या विरोधात पडलेल्या उमेदवारानं अर्ज टाकला, की सरपंच सरकारी जागेत अतिक्रमण करून राहतात. कायदा आहे महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८, कलम १४ (१) (ज-३). शासकीय जमिनीवर किंवा सार्वजनिक मालमत्तेवर ज्याचं अतिक्रमण आहे तो सदस्य राहू शकत नाही. पाठ करा हे कलम, सर्च करून ठेवा, काहीही करा.

मी हसलो होतो तेव्हा. वकिलाकडं गेलो तर तेही निवांत. म्हणाले सुप्रीम कोर्टाचा अगदी ताजा निकाल आहे नोव्हेंबर २०१७ चा, ज्यानं मूळ अतिक्रमण केलं तोच अपात्र, घरातले बाकीचे नाही, तुमच्या आजोबांनी केलंय, तुमचा काय संबंध. आणि त्या दिवशी ते बरोबरच होते बरं का, वकिलाला मी आजही दोष देत नाही. आम्ही लेखी म्हणणं दिलं त्यात हेच लिहिलं, की अतिक्रमण असलंच तर ते आजोबांचं आहे, मी फक्त तिथं राहतो. नीट वाचा हे वाक्य. "मी तिथं राहतो" हे मी स्वतःच्या सहीनं लिहून दिलं.

मोजणीचा दिवस मला अजून आठवतो. भूमी अभिलेखचा माणूस आला, तिपाईवर मशीन लावली, पोरगा काठी घेऊन पळतोय इकडून तिकडं. अण्णा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर बसून होते, एक शब्द बोलले नाहीत. खुणा झाल्या तर चुन्याची रेघ गव्हाणीच्या बरोबर मधून गेली. अकरा फूट आत. आईनं कुणी न सांगता म्हैस सोडली आणि चिंचेला नेऊन बांधली. पंचनाम्यावर सह्या करणाऱ्या पंचांत माझाच चुलत भाऊ होता.

तरी मी निवांत, कारण सुप्रीम कोर्ट आपल्या बाजूनं. आणि १९ सप्टेंबर २०१८ ला त्याच सुप्रीम कोर्टात तीन न्यायाधीशांसमोर दुसरं एक प्रकरण निघालं, त्यात आधीचा निकाल चुकीचा ठरवला गेला. अतिक्रमण कुणीही सुरू केलेलं असो, तुम्ही कुटुंबासोबत त्या जागेचा वापर करत असाल तर तुम्हीही अपात्र. झालं. माझंच लेखी म्हणणं माझ्यावर उलटलं. आम्ही रातोरात पत्रे उतरवले, गव्हाण फोडली, फोटो काढून जोडले, माझ्या बाबतीत त्याचा काही उपयोग झाला नाही. आयुक्तांकडचं अपीलही गेलं. गावात पोटनिवडणूक लागली त्या दिवशी मी शेतात जाऊन बसलो होतो, दुपारचा डबा पण खाल्ला नाही.

म्हणून सांगतो, आणि हे मी दहादा सांगणार. अर्ज भरायच्या सहा महिने आधी स्वतःच्या घराची, गोठ्याची, दुकानाच्या शेडची, जिन्याची, ओट्याची मोजणी करून घ्या. स्वतः फी भरून. ग्रामपंचायतीचा नमुना ८ काढला म्हणजे झालं असं नाही, तो घरपट्टीसाठी असतो, तो जागा तुमची असल्याचा पुरावा नाही, हे निम्म्या लोकांना माहिती नसतं. तलाठ्याकडं गाव नमुना १-इ असतो, अतिक्रमणाची नोंदवही, त्यात वडिलांचं आजोबांचं चुलत्याचं कुणाचंही नाव आहे का बघा. गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका काढा आणि त्यातलं क्षेत्र टेपनं ताडून बघा. घर कुणाच्या नावावर आहे हा प्रश्नच नाही, तुम्ही तिथं राहता का हा प्रश्न आहे. आत निघत असेल तर आधी पाडा, आधी म्हणजे अर्जाच्या आधी, फोटो तारखेसकट ठेवा, ग्रामसेवकाकडून पोच घ्या. घरात भांडण होईल. होऊ द्या. आमच्याकडं नंतर झालं ते जास्त वाईट होतं.

आता गंमत बघा, हाच गोठा मला आमदारकीला आडवा आला नसता. विधानसभेच्या उमेदवाराला ही अट नाही, दोन अपत्यांची पण नाही. गावचा सदस्य व्हायला जितकी चाळणी आहे तितकी कायदा करणाऱ्याला नाही. मला यावर बरंच बोलायचंय पण ते जाऊ दे. विधानसभेला वेगळ्या गोष्टी बघा. अपक्ष असाल तर मतदारसंघातलेच दहा सूचक लागतात, मान्यताप्राप्त पक्षाचा असाल तर एक. शपथपत्रात एकही रकाना मोकळा सोडू नका, काही नसेल तर "निरंक" लिहा, रेघ मारू नका. खर्चाची मर्यादा ४० लाख आहे आणि ती कागदावरची, बाकी तुम्हाला कळतं.

गट-गणाची सोडत, म्हणजे जिल्हा परिषदेचा गट आणि पंचायत समितीचा गण कुणाला राखीव ते ठरवणारी चिठ्ठी, हा दुसरा खड्डा, पण त्याला इलाज नाही म्हणून थोडक्यात सांगतो. तुम्ही पाच वर्षं एक गट बांधता, मयतीला जाता, लग्नाला जाता, पंचवीस पंधरामधून, म्हणजे सरकारच्या २५१५ या ग्रामविकास निधीतून, सभामंडप आणता, आणि सोडतीत तो गट महिला राखीव निघतो. मग लोक बायकोला उभं करतात आणि स्वतः सभागृहाबाहेर बसून फोनवरून कारभार चालवतात. मला हे पटत नाही. स्पष्ट सांगतो. तिला काम करायचंय का हे आधी विचारा, आणि करायचं असेल तर तुम्ही घरी बसा. आमच्या शेजारच्या गटातल्या एक ताई अशाच आल्या होत्या, वर्षभरात त्यांना एमबी, म्हणजे कामाची मोजमाप पुस्तिका, वाचता यायला लागली, रस्त्याची जाडी किती लिहिली आणि किती टाकली हे त्या शाखा अभियंत्याला उभं करून विचारायच्या. नवरा आता त्यांची गाडी चालवतो. विधानसभेचा मतदारसंघ असा दर पाच वर्षांनी फिरत नाही, २००९ पासून तेच आहेत, पण पुढं पुनर्रचना आणि महिलांचं एक तृतीयांश आरक्षण येणार आहे, तेव्हा तिथंही आपलं पक्कं आहे असं धरू नका.

आणि निवडणुकाच न होणं हा तिसरा प्रकार. मार्च २०२२ ला बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि प्रशासक बसले ते पुढं कित्येक वर्षं बसूनच राहिले. माझ्या वयाची एक अख्खी फळी त्यात वाळली. पक्षानं "थांब" म्हणायचं, आपण थांबायचं, घरात उसाचं बिल आलं की तेवढ्यावर चार महिने ढकलायचे. या काळात मी दादांकडं होतो म्हणून वेडा झालो नाही. पोट भरायचं दुसरं काहीतरी ठेवाच. दूध ठेवा, दुकान ठेवा, क्लास घ्या. फक्त ठेकेदारी नको. स्वतःच्याच ग्रामपंचायतीच्या कामात भागीदारी निघाली तर तेही अपात्रतेचं कारण आहे, आणि भावाच्या नावावर घेऊ वगैरे शहाणपणा करू नका, गावाला सगळं माहिती असतं.

दादांचं पहिलं अधिवेशन सांगतो, कारण पंचायत समितीतून वर जाणाऱ्याला नेमकं काय अवघड जातं ते त्यात दिसतं. नागपूरचं हिवाळी. पंचायत समितीच्या सभेत दादांची सवय अशी, की उठायचं, समोरच्या अधिकाऱ्याकडं बोट करायचं, "साहेब, आमच्या बंधाऱ्याचं काय झालं ते सांगा आधी". तिथं चालतं, अधिकारी समोर बसलेला असतो, बिल त्याच्या टेबलावर असतं. विधानसभेत अधिकारी गॅलरीत. तुम्ही बोलायचं अध्यक्षांना उद्देशून आणि उत्तर देणार मंत्री. आणि बोलायला मिळणार कधी, तर प्रश्न कित्येक दिवस आधी गेलेला असेल, स्वीकृत झाला असेल आणि त्या दिवशी प्रश्नोत्तराच्या तासाभरात तुमचा नंबर आला असेल तर. पहिल्या वेळी मी दादांचा तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, लिहिला तो गावच्या तक्रारीसारखा लिहिला, रागानं, पानभर. दुसऱ्या एका आमदारांच्या जुन्या पीएनं तो वाचला आणि म्हणाला, "हे निवेदन आहे रे, प्रश्न कुठाय?"

प्रश्नाची ठरलेली भाषा असते. "हे खरे आहे काय, की..." आणि पुढं "असल्यास...". आता पहिल्या भागात तुम्ही एक आकडा जरी चुकवला, गावाचं नाव चुकवलं, महिना चुकवला, तर उत्तर येतं "हे खरे नाही" आणि खालच्या सगळ्या भागांना "प्रश्न उद्भवत नाही". संपला विषय. तीन महिन्यांची मेहनत तीन शब्दांत. म्हणून पहिला भाग असा लिहायचा की विभागाला "होय" किंवा निदान "अंशतः खरे आहे" म्हणावंच लागेल. ते कुणाला जमतं? ज्यानं खाली प्रशासकीय मान्यता आणि तांत्रिक मान्यता यातला फरक हातानं फायली हलवून शिकलाय त्याला. पुढच्या वेळी आम्ही त्याच बंधाऱ्याचा कार्यारंभ आदेशाचा नंबर आणि तारीख टाकली, फक्त चार ओळी. उत्तर आलं "होय". दादांनी तो कागद मला देऊन चहा सांगितला, बोलले काहीच नाहीत. इथं मला वाटलं की दीड वर्षाची सरपंचकी फुकट गेली नाही.

आबा ग्रामविकास मंत्री असताना गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान निघालं, त्यामागं जिल्हा परिषदेतली ती अकरा वर्षं आहेत असं मला वाटतं. हागणदारी म्हणजे काय हे फाईलमध्ये वाचून कळत नाही.

गुरूबद्दल. नेत्याच्या गाडीत मागच्या सीटवर बसून कुणी नेता झालेला मी बघितला नाही, फार तर त्याचा मोबाईल सांभाळणारा होतो. माझं मत विचाराल तर सगळ्यात चांगला गुरू म्हणजे पंचायत समितीतून रिटायर झालेला विस्तार अधिकारी. त्याला कुणाची भीती नसते आणि सगळे जीआर तोंडपाठ असतात. एखाद्या पंधरवड्याला त्याच्याकडं जाऊन बसा, चहा पाजा. तिकीट देणारा वेगळा, शिकवणारा वेगळा, दोघांना एक समजू नका. आणि फ्लेक्सवर पैसे घालू नका, वारा सुटला की तो फ्लेक्स शेवटी कुणाच्यातरी कडब्यावर झाकायला जातो.

घाबरवतोय असं वाटत असेल तर एवढं बघा, विलासराव १९९५ ला लातूरला पडले होते, आणि १९९९ ला मुख्यमंत्री झाले. पडणं पुसता येतं. अपात्रतेचा शिक्का पण पुसता येतो, वेळ लागतो, मी अजून पुसतोयच.

परवा एक पोरगा आला, बी.एस्सी. ॲग्री झालेला, ग्रामपंचायतीला उभं राहायचं म्हणतो. पॅनेल ठरलंय, चिन्ह कुठलं घ्यायचं तेवढं विचारायला आला होता. मी म्हणलं घराची मोजणी झालीय का. तो म्हणाला, काका, घर आजोबांच्या नावावर आहे, माझा काय संबंध. मी त्याला बसवला, आतून माझी फाईल आणली आणि ते लेखी म्हणणं त्याच्यापुढं ठेवलं. आज सकाळी त्याचा फोन आला, मोजणीची फी भरलीय, तारीख अजून मिळाली नाही.