दुर्बीण थरथरू नये म्हणून सरकीची पिशवी

१० × ५० ची (दहापट मोठे दाखवणारी, ५० मिलिमीटर व्यासाच्या भिंगांची) द्विनेत्री दुर्बीण नुसती हातात धरली, तर गुरूचे चंद्र ठिपक्यांऐवजी रेघोट्यांसारखे दिसतात, कारण हाताची थरथरही दहापट मोठी होते. त्यासाठी लगेच तिपाई विकत घेण्याची गरज नाही. जुन्या जीन्सच्या पायाचा हातभर तुकडा कापून त्याचे एक तोंड शिवावे, त्यात पाऊण भाग सरकी भरावी (खान्देशात तिला तोटा नाही, नसल्यास ज्वारी चालेल) आणि दुसरे तोंडही पक्के शिवून टाकावे. पिशवी गच्च भरू नये, नाहीतर ती दगडासारखी होते व दुर्बिणीचा आकार घेत नाही. गच्चीच्या कठड्यावर ती ठेवून दुर्बीण तीत किंचित रुतवली की चित्र स्थिर होते.

कृत्तिकांसाठी मात्र कठडा निरुपयोगी आहे, कारण जळगाव सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने हिवाळ्यात त्या जवळजवळ डोक्यावरून जातात. तेव्हा बाजेवर उताणे पडून दोन्ही कोपरांखाली गोधडीच्या घड्या घ्याव्यात.

कठड्यावर पाहताना दुर्बिणीचा पट्टा गळ्यात अडकवलेलाच असावा.